रिकामी बाजू

"मावशी, अर्धी जागा रिकामीच ठेवलीस तू."

भाच्याने हे विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी काही बोलायच्या आत त्याने लांब चिमटा उचलला आणि मी एका बाजूला रचलेले निखारे ग्रिलभर सारखे पसरायला घेतले. अगदी मन लावून, एकेक निखारा उचलून, दोहोंमध्ये सारखं अंतर ठेवत. काम इतकं नीटस चाललं होतं की त्याला थांबवावंसं वाटेना. थोड्याच वेळात जाळीवरचे चिकनचे तुकडे वरून काळे पडू लागले आणि आतून अजून कच्चे होते. तो ते या टोकाकडून त्या टोकाकडे हलवत राहिला, पण दोन्ही टोकं सारखीच तापलेली. सुटका कुठेच नव्हती. शेवटी करपलेली कड कापून, आतलं पुन्हा शिजवून सगळ्यांनी खाल्लं आणि कुणी त्याला काही म्हटलं नाही. मलाच त्याचं ते वाक्य पुढे कित्येक दिवस सोडेना. कारण त्याला दिसलं ते कुणालाही तसंच दिसेल. ग्रिल हे विस्तव ठेवायचं भांडं, मग त्यातली रिकामी जागा म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. मी इतकी वर्षं ती जागा रिकामी ठेवत आले होते, हाताला ते कळत होतं, पण का ठेवते ते कधी कुणाला नीट सांगितलेलं नव्हतं.

खरं तर मला ग्रिलवर शिजवण्याइतकंच कोळसा पेटवणं आवडतं. पिशवी उघडली की आधी दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघायचे. कोरडा, चांगला जळलेला कोळसा किणकिण वाजतो. ओल धरलेला असेल तर आवाज बोदा येतो. कोळसा आतून सगळा बारीक छिद्रांचा, हवेतला दमटपणा तो ओढून घेतो. त्यामुळे तोंड उघडं राहिलेल्या पिशवीतला कोळसा पुढच्या वेळी पेटायच्या आधी नुसता धुमसतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढतो. मग चिमणी घ्यायची. चिमणी म्हणजे पत्र्याचं एक नळकांडं, दोन्ही तोंडं उघडी, आत तळापासून थोडी वर जाळी, बाजूला मूठ. जाळीच्या वर कोळसा आणि खाली वर्तमानपत्राचे दोन कागद, सैलसर चुरगाळलेले. घट्ट बोळा केला तर तो जळत नाही, वरून काळा पडून विझतो. काडी लावली की पहिली काही मिनिटं धूरच धूर, पांढरा, दाट, नाकात बसणारा. नवखा माणूस इथे वाकून फुंकर घालायला जातो. त्याची गरज नसते. तापलेली हवा हलकी होऊन नळकांड्यातून वर जाते, तिच्या जागी खालच्या भोकांतून गार हवा आत येते, खालचा कोळसा तिच्यावर आणखी फुलतो आणि ओढ आणखी वाढते. कान दिला तर हे सगळं ऐकू येतं. आधी तडतड, ठिणग्या उडतात, मग बारीक घरघर सुरू होते आणि ती हळूहळू एका सलग आवाजात बदलते. तो आवाज लागला की मी निर्धास्त होते.

काही जण पेटवायला द्रव इंधन ओततात. ते पुरतं जळून गेलं नाही तर त्याचा वास खाण्यात उतरतो, म्हणून मी ते वापरत नाही. पण वासापेक्षा मोठी गोष्ट अशी की कोळसा 'नीट धरत नाही' असं वाटून पेटलेल्या कोळशावर पुन्हा इंधनाची धार सोडली तर ज्वाळा त्या धारेवरून उलटी हातातल्या बाटलीकडे येऊ शकते. या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही, पाहुण्यांचंसुद्धा नाही.

चिमणीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढी वाट बघणं भुकेल्या माणसांना जड जातं, आणि सगळ्यांत जड जातं ते ज्वाळा दिसू लागल्यावर. नळकांड्याच्या तोंडातून वीतभर पिवळी ज्वाळा निघाली की हमखास कुणीतरी म्हणतं, "पेटलं की! ओता आता." डोळ्यांना ज्वाळा म्हणजेच आग वाटते, त्यात त्यांची काही चूक नाही. पण कोळशाची गोष्ट लाकडाहून वेगळी आहे. लाकूड हवा न देता तापवत ठेवलं की त्यातलं पाणी, डांबर, पेटणारे वायू निघून जातात आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. साध्या भट्टीत पाच किलो वाळक्या लाकडामागे जेमतेम किलोभर कोळसा हाती लागतो, भट्टी चांगली असेल तर थोडा जास्त. लाकडाच्या ज्वाळा म्हणजे त्या निघून जाणाऱ्या वायूंचं जळणं. कोळशातून ते आधीच गेलेले असतात, म्हणून तो ज्वाळेने नाही, अंगाने जळतो. सुरुवातीची पिवळी ज्वाळा कागदाची आणि कोळशात राहून गेलेल्या उरल्यासुरल्या वायूंची. ती ओसरली की ठेंगण्या, निळसर, दिवसा जवळजवळ न दिसणाऱ्या ज्वाळा ढिगावर नाचायला लागतात. ढिगाच्या पोटात हवा पुरत नाही तिथे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि वर हवा मिळाली की तो असा निळा जळतो. त्यानंतर कुठे वरच्या कोळशांच्या कडांवर राखेचा पांढरा पापुद्रा धरू लागतो. ती ओतायची वेळ. म्हणजे दिसायला आग जितकी साधी होत जाते, तितकी ती कामाची होत जाते.

भर दुपारी हे ओळखणं अवघड. जॉन विल्यम ड्रेपर यांनी 1847 मध्ये दाखवलं होतं की कुठलाही घन पदार्थ साधारण 525 अंश सेल्सिअसला पोचला की मंद लाल दिसू लागतो, मग तो लोखंड असो की दगड. पण ती लाली दिसायला अंधार हवा. उन्हात आठशे अंशांचा निखाराही नुसता करडा, मेल्यासारखा दिसतो आणि लोक वर आणखी कोळसा टाकायला धावतात. त्यापेक्षा तळहात भरवशाचा. जाळीच्या वर दहा-बारा सेंटीमीटरवर हात धरायचा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावासा वाटला तर आच कडक, पाचेक सेकंद टिकला तर मध्यम, आठ-दहा सेकंद निघाले तर मंद. माझी आजी कधी सेकंद मोजत नसे. विस्तवावर हात धरायची आणि त्याच क्षणी म्हणायची, "अजून नाही." तिच्या तळहाताची कातडी जाड झालेली होती, तरी अंदाज चुकत नसे.

चिमणी उलटी केल्यावर मात्र वेळ दवडता येत नाही.

हातात जाड मोजे, तोंड थोडं बाजूला वळवलेलं, आणि निखारे धडधडत खाली येतात. ठिणग्यांचा एक लोट उठतो, राख पापण्यांवर बसते. अंगाची पुढची बाजू भाजत असते आणि पाठीला संध्याकाळची गार हवा लागते. या वेळी मी बोलत नाही. निखारे एका बाजूला, कडेशी दोन-तीन थर उंच रचते, मधल्या भागाकडे उतरत उतरत एका थरावर आणते आणि त्यापुढची जागा मोकळी सोडते. एक निखारा दुसऱ्याला टेकलेला असावा लागतो, कारण प्रत्येक जण शेजाऱ्याची धग घेत आणि त्याला आपली देत तापलेला राहतो. चिमट्याने एखादा वेगळा काढून ठेवला तर चारी बाजूंनी उष्णता गमावून थोड्या वेळात काळा पडतो. भाच्याने सारख्या अंतरावर मांडलेल्या निखाऱ्यांचंही पुढे तेच झालं. आधी सगळीकडे सारखं करपवलं आणि मग सगळीकडे सारखे विझत गेले. उलट, अगदी दाबून रचले तर मधून हवा खेळत नाही आणि राख अडकते. म्हणून टेकलेले पण सैल. हे हातानेच शिकावं लागतं, आणि प्रत्येक पिशवीतले तुकडे वेगळ्या आकाराचे असल्याने दर वेळी थोडं नव्याने.

उताराचा फायदा कागदावरच्या हिशेबातही दिसतो. निखाऱ्यांची बरीचशी उष्णता किरणांनी वर येते, आणि तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणारी ही उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. 1879 मध्ये योझेफ श्टेफान यांनी हा नियम मोजमापांवरून मांडला आणि पाच वर्षांनी लुडविग बोल्ट्झमान यांनी तो सिद्धांतातून काढून दाखवला. तापमान अर्थातच केल्विनमध्ये धरायचं. त्या हिशेबाने 900 अंश सेल्सिअसचा निखारा 600 अंशांच्या निखाऱ्याच्या तिपटीहून जास्त उष्णता फेकतो. डोळ्यांना एक थोडा जास्त केशरी दिसतो, इतकाच फरक. जाळीवरच्या कांद्याच्या चकतीला मात्र तो फरक फार मोठा असतो. राखेचंही तसंच. पापुद्रा पातळ असेपर्यंत ठीक, जाड झाला की तो निखाऱ्याला पांघरूण होतो आणि धग आतच कोंडतो. चिमट्याने हलकंसं टकटक केलं की राख झडते आणि तोच निखारा पुन्हा रसरसून येतो.

बाबांचा या सगळ्यावर एकच उपाय होता: विटा. लहानपणी घरी एक छोटी गोल लोखंडी शेगडी होती. तिच्या दोन्ही बाजूंना विटा मांडून ते वर जाळी ठेवत. करपायला लागलं की आणखी एकेक वीट. धग जास्त झाली तर वर उचला, कमी झाली तर खाली आणा. आम्ही मुलं तिच्याभोवती उकिडवी बसून विटा पुढे सरकवायला टपलेली. मीही बरीच वर्षं तेच धरून होते की आच म्हणजे उंचीचा प्रश्न. पण मोठ्या ग्रिलवर तसं होत नाही. निखारे पन्नास सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात सगळीकडे पसरलेले असतील तर मधोमध ठेवलेल्या तुकड्याला खालून येणारी किरणांची उष्णता, जाळी दहा सेंटीमीटरवरून पंधरावर नेली तरी, फक्त सातव्या हिश्श्याने कमी होते. कारण वर उचललं तरी निखाऱ्यांचं मैदान त्याच्या खाली पसरलेलंच असतं. त्यापासून सुटायचं तर बाजूला सरकायला हवं, आणि सरकायला निखारे नसलेली जागा हवी. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं, कारण बाबांच्या विटांवर माझा फार जीव होता. बाबांना ते अजून पटलेलं नाही.

झाकण असलेल्या ग्रिलमध्ये रिकाम्या बाजूला खरी किंमत येते. शिकागोजवळच्या एका धातुकामाच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ काम करायचे. तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांचे गोळे बनत. उघड्या ग्रिलवर वारा आणि धूर सोसून ते कंटाळले होते. 1952 मध्ये त्यांनी त्या गोळ्याच्या आकाराचे दोन भाग घेतले, एकाला पाय लावले आणि दुसऱ्याचं झाकण केलं. आज जगभर दिसणारं गोल ग्रिल ते हेच. झाकण लावलं की आतली हवा फिरायला लागते: खालच्या झडपेतून आत, निखाऱ्यांवरून वर, झाकणाला लागून पलीकडे आणि वरच्या झडपेतून बाहेर. वरची झडप मोकळ्या बाजूवर येईल असं झाकण फिरवलं तर धूर आणि गरम हवा खाण्यावरूनच जातात. मग त्या बाजूला काही करपवणारं उरत नाही, पण सगळीकडून शिजवणारं असतं. जाड तुकडा आतपर्यंत शिजायला हवा असेल तर तो इथे ठेवायचा. आच कमी-जास्त करायची ती खालच्या झडपेने, वरची बहुतेक वेळ उघडीच बरी. झाकण सारखं उचलून बघायचा मोह मात्र आवरावा लागतो. उचललं की साठलेली उष्णता एका झटक्यात जाते आणि भरपूर हवा मिळून निखारे भडकतात, म्हणजे नको त्या दोन्ही गोष्टी एकदम होतात. पहिल्या दहा मिनिटांत झाकणाकडे पाठ करून उभं राहणं मला बरं पडतं.

कोळसा लाकडाच्या ढेकळांचा घ्यावा की दाबून केलेल्या ब्रिकेटचा, यावर माणसं फार हिरिरीने बोलतात. ब्रिकेटच्या एका घडणीचं पेटंट अमेरिकेत 1897 मध्ये एल्सवर्थ झ्वॉयर यांनी घेतलं होतं. 1920 च्या दशकात हेन्री फोर्ड यांनी मोटारींसाठी कापलेल्या लाकडाचे तुकडे आणि भुसा वाया जाऊ नये म्हणून ब्रिकेटचा कारखानाच काढला. ढेकळांचा कोळसा लवकर पेटतो, जास्त तापतो, राख कमी करतो, ठिणग्याही उडवतो. ब्रिकेट सावकाश, एकसारखे जळतात आणि राख भरपूर मागे ठेवतात. झटपट भाजायला मला ढेकळं आवडतात. पण रचनेसाठी ब्रिकेटसारखं काही नाही, कारण सगळे एका मापाचे. ग्रिलच्या कडेने त्यांची दुहेरी रांग अर्धवर्तुळात लावायची, वर आणखी एक थर, आणि फक्त एका टोकाला थोडे पेटते निखारे ठेवायचे. डासांच्या अगरबत्तीची गुंडाळी जशी टोकापासून जळत जाते, तशी ही रांग शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे कित्येक तास पेटत जाते. मधली सगळी जागा मोकळी, तिथे पाण्याचा एक पसरट डबा, आणि त्यावर मांसाचा मोठा तुकडा. इथे विस्तवच हळूहळू जागा बदलतो आणि खाणं जागच्या जागी राहतं.

चरबीचं सांगायला हवं. चरबीचे थेंब निखाऱ्यांवर पडून जो धूर होतो, त्यानेच ग्रिलवरच्या खाण्याला तो वास येतो ज्यासाठी एवढा खटाटोप करायचा. थेंब जास्त झाले की तोच धूर भडका होतो, आणि भडक्यातला काळा धूर खाण्यावर काजळी धरतो. ती कडू तर लागतेच, शरीरालाही बरी नाही. भडका उडाला की आसपासची माणसं पाणी शिंपडा म्हणतात. पाण्याने पेटती चरबी उडते, राख उसळून खाण्यावर बसते, वाफेने हात भाजतो. तुकडा उचलून मोकळ्या बाजूला न्यायचा आणि झाकण लावायचं, बस्स. हवा तुटली की भडका बसतो. ती मोकळी बाजू नसेल तर तुकडा न्यायचा कुठे? भाच्याची त्या दिवशी अडचण झाली ती नेमकी इथे, आणि त्याला ती सांगायला मला शब्द सापडत नव्हते.

पुढच्या भेटीत त्याने पुन्हा तोच विषय काढला, या वेळी खरोखर विचारलं. मी त्याला ग्रिलशी उभं केलं, एक हात निखाऱ्यांच्या वर आणि दुसरा मोकळ्या जागेवर धरायला लावला. एक हात लगेच मागे आला, दुसरा तिथेच राहिला. "इथेपण गरम आहे," तो म्हणाला. त्याला वाटत होतं मोकळ्या बाजूला काहीच नसेल. मग कणसं आणली. रसरसत्या बाजूला फिरवून डाग पाडले, मधल्या उतारावर थोडा वेळ, आणि बाकीचं त्या बाजूला झाकणाखाली. कोणतं कधी हलवायचं ते त्याने ठरवलं. मागे सगळ्यांच्या गप्पा चालल्या होत्या, हसण्याचे आवाज येत होते. एरवी मला त्या वेळी थोडं एकटं वाटतं: विस्तवाशी उभ्या असलेल्या माणसाची पाठ सगळ्यांकडे असते आणि कुठलाही विनोद त्याला अर्धाच ऐकू येतो. पण तिथून हलावंसंही वाटत नाही. त्या दिवशी आम्ही दोघं पाठमोरे होतो.

खाणं झालं की दोन्ही झडपा घट्ट बंद करायच्या, झाकण लावायचं. हवा न मिळाल्याने निखारे विझतात आणि न जळलेला कोळसा तसाच उरतो. पाणी ओतून विझवलं तर उरलेला कोळसाही जातो आणि तापलेला पत्रा वाकडा होतो. राख मी दुसऱ्या दिवसानंतरच काढते, पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत, कारण तिच्या पोटात एखादा निखारा बराच काळ जिवंत राहू शकतो. पाऊस आला म्हणून अर्धवट विझलेलं ग्रिल कधीही घरात किंवा गॅरेजमध्ये ओढून नेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि निळी ज्वाळा दिसेनाशी झाली तरी निखारे तो सोडतच असतात. बंद खोलीत अशा विझत्या कोळशाने माणसं झोपेतच गेलेली आहेत. ग्रिल भिजलं तर भिजू द्यावं.

उरलेला कोळसा राख झटकून डब्यात ठेवते. तो पुन्हा चांगला पेटतो, फक्त पुरेसा नसतो. दोन बाजू, उतार, मोकळी जागा असं काही त्यात होत नाही. वीतभराहून लहान ढीग जेमतेम होतो. मध्यंतरी असाच ढीग बघून मी सहज तोच हिशेब पुन्हा मांडला. सोळा सेंटीमीटर व्यासाच्या ढिगावर जाळी दहावरून पंधरा सेंटीमीटरवर नेली तर उष्णता जवळजवळ निम्म्यावर येते. लहान ढिगापासून वर उचललेलं खाणं खरोखर दूर जातं. म्हणजे त्या छोट्या गोल शेगडीवर बाबांच्या विटा बरोबरच होत्या. मी फोन करून त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग मी काय सांगत होतो!" आणि पुढे किती विटा, कशा मांडायच्या, आडव्या की उभ्या, हे सगळं सविस्तर सांगत बसले. उरलेल्या कोळशाचा डबा आता त्यांच्या नावाचा आहे. ते आले की तो ढीग त्यांनी पेटवायचा, विटा मी आणून ठेवल्यात.